कमानीमागची पंगत

विद्यापीठावरच्या दिवाळी अंकातल्या लेखाचा साचा आता ठरून गेला आहे. जमीन किती एकर, इमारत किती मजली, कमानीची फीत कोणी कापली. सीमाभागातल्या शिक्षणसंस्थांवरचे असे तीन-चार लेख गेल्या काही वर्षांत छापून आले आणि दर वेळी बेळगावजवळच्या कंग्राळीतल्या एका जुन्या वाचकाला, म्हणजे प्रस्तुत लेखकाला, तोच प्रश्न पडला. एवढ्या एकरांत पोरं जेवतात कुठं?

प्रश्न पोटाचा असल्यामुळे तो विद्वानांना हलका वाटतो. एका ज्येष्ठ आढावाकारांनी तर वसतिगृहांना ‘पूरक सुविधा’ या सदरात, वाहनतळ आणि उपाहारगृह यांच्या मधोमध, दीड ओळ दिली. हा लेख त्या दीड ओळीशी भांडण्यासाठी आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

कंग्राळी खुर्द असो की बुद्रुक, इथल्या घरांना कॉलेज जवळ आणि विद्यापीठ लांब, अशी जुनी सवय. लिंगराज कॉलेज १९३३ चे. टिळकवाडीतले राणी पार्वतीदेवी महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांचे आरपीडी, १९४५ चे. पु. ल. देशपांडे काही काळ तिथे शिकवत होते, हे बेळगावकर आजही पाहुण्याला दोन मिनिटांच्या आत सांगतो. आरपीडी जागचे हलले नाही, पण त्याने मुंबई, धारवाड आणि आता राणी चन्नम्मा अशी तीन विद्यापीठे पाहिली. राजा लखमगौडा विधी महाविद्यालय १९३९ चे, जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चे, गोगटे तंत्रशिक्षण संस्था १९७९ ची. ही यादी वाचकाला पाठ आहे, तेव्हा पुढे जाऊ.

मुंबई आणि पुणे यांच्याबद्दल तर इथे बोलायलाच नको. मुंबईला राजाबाई टॉवर मिळाला, पुण्याला गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला आयता. धारवाड आणि कोल्हापूर यांना मात्र माळावर पहिला दगड स्वतः ठेवावा लागला, आणि कंग्राळीच्या पोराचा संबंध आला तो या दोघांशी. दक्षिणेला पाऊणशे किलोमीटरवर एक, उत्तरेला शंभराच्या पुढे दुसरे.

कर्नाटक विद्यापीठाचा जन्म १९४९ साली मुंबईत झाला. दुसऱ्या वर्षी ते धारवाडला आले. छोटा महाबळेश्वर टेकडीवरचा परिसर उभा राहिला तो डी. सी. पावटे यांच्या कारकिर्दीत, १९५४ ते १९६७ या तेरा वर्षांत. पावटे मूळचे गोकाक तालुक्यातल्या ममदापूरचे, केंब्रिजचे रँग्लर. आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्याचा माणूस कुलगुरू, ही गोष्ट बेळगावात भाषेचा वाद बाजूला ठेवून कौतुकाने सांगितली जाई. धारवाडची मुख्य इमारत देखणी आहे. टेकडीवरून ती दिसली की एसटीतली पोरे गप्प होत. याहून जास्त लिहिण्याचा मोह आवरतो, कारण इमारतीचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत.

शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाले. जागा सागरमाळाची, साडेआठशे एकरांच्या आसपास, आणि त्या वेळी झाडापाण्याच्या नावाने सगळा शंखच. पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे माणूस. ताराबाईंच्या काळातली कागदपत्रे चाळणाऱ्या हातांनी त्यांनी माळावर झाडे लावून घेतली. पुढे पावसाचे पाणी अडवून तळी झाली, विहिरी झाल्या, आणि आज परिसराची पाण्याची बरीचशी गरज परिसरातूनच भागते. नळाला पाणी आहे की नाही, हे संडासात गेल्यावरच ज्यांना कळते, त्यांना या तळ्यांची किंमत सांगावी लागत नाही. विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’ योजनाही आली. शेतकऱ्याच्या पोराने काही तास काम करायचे आणि त्यातून राहण्या-जेवणाचा भार उचलायचा. या योजनेवर राहिलेली माणसे पुढे प्राध्यापक झाली, अधिकारी झाली; पण लग्नाच्या पंगतीत त्यांना ओळखावे ते ताटात काही टाकत नाहीत यावरून.

ही कल्पना सागरमाळावर उगवली नाही. तिची मुळे कोल्हापूरच्या दसरा चौकात आहेत.

शाहू महाराजांच्या वसतिगृहांचा उल्लेख प्रत्येक भाषणात होतो आणि एका वाक्यात संपतो. खरी हकीकत त्या वाक्याच्या आत दडली आहे. १८९६ साली कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढले गेले, सगळ्या जातींसाठी. दार सर्वांना उघडे होते, पण काही वर्षांत आत राहिले ते एकाच जातीचे विद्यार्थी. मग पांडुरंग चिमाजी पाटील नावाचा खेड्यातला हुशार मुलगा राहण्याची सोय मागायला महाराजांकडे आला आणि १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०७ ला लिंगायतांचे, १९०८ ला अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मुस्लिम समाजाच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्षपद तर महाराजांनी स्वतःकडे घेतले. १९२२ साली ते गेले तेव्हा कोल्हापुरात अशी विसाहून अधिक वसतिगृहे होती.

इथे आमच्या एका जुन्या प्रतिपक्षाचा आक्षेप ठरलेला असतो: जातवार बोर्डिंग काढून महाराजांनी जातीचे कप्पे पक्के केले. हा आक्षेप प्रस्तुत लेखक चाळीस वर्षे ऐकतो आहे आणि चाळीस वर्षे एकच उत्तर देतो आहे. आधी १८९६ बघा, मग बोला. सर्वांसाठी म्हणून काढलेल्या घरात ज्याला पाय ठेवायला जागा मिळाली नाही, त्याला स्वतःच्या जातीचे का होईना, छप्पर मिळाले. आणि जातीच्या बोर्डिंगातली सगळी पोरे जातीत अडकून राहिली म्हणावे, तर कुंभोजचा भाऊराव पाटील जैन बोर्डिंगातच होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाहून आल्यावर अंघोळ करायला त्याने नकार दिला आणि त्याला बाहेर पडावे लागले. पुढे त्याच भाऊरावाने १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे बोर्डिंग चालवले, आणि १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहूंचे नाव दिले. भाऊरावांच्या वेळी जैन बोर्डिंगचे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे होते. हे लठ्ठे पुढे बेळगावात वकिली करीत, कोल्हापूरचे दिवाण झाले, १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. बेळगावचा आणि बोर्डिंगच्या गोष्टीचा धागा असा घरातूनच जातो, पण बेळगावच्या आढाव्यांत तो सापडत नाही.

बोर्डिंगात काय असे? लांबच लांब खोली, भिंतीत कोनाडे, प्रत्येकाची पत्र्याची पेटी आणि तिला कुलूप. कोठीत पोरांनी घरून आणलेली ज्वारी किंवा तांदूळ. कुणाची किती पायली आली हे वहीत लिहिलेले. आमटी पातळ. भात मोजून. शनिवारी गावाकडे जायचे आणि सोमवारी चटणीची बरणी घेऊन परतायचे. बोर्डिंगात जागा मिळाली नाही तर एसटीने डबा येई. सकाळच्या गाडीत आईने ठेवलेला, कापडात बांधलेला, वर नाव लिहिलेला. दुपारी स्थानकावर जाऊन रांगेतून आपला डबा शोधायचा. चंदगडची पोरे बेळगावात अशीच शिकली. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होते; राज्यांची पुनर्रचना झाली आणि ते कोल्हापूर जिल्ह्यात गेले, पण डबा काही कोल्हापूरला गेला नाही.

त्याच पुनर्रचनेने निपाणीला एक गंमत दिली. गाव म्हैसूर राज्यात गेले आणि गावाला लागूनचे शिवार मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात, राहिले. त्या शिवारात, अर्जुननगरला, १९६० साली देवचंद महाविद्यालय उभे राहिले. पत्ता कागल तालुक्याचा, विद्यापीठ पुढे शिवाजी, आणि बाजारहाट निपाणीचा. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाईचा मुलगा सकाळी घरातून निघे, चालत दुसऱ्या राज्यात शिकायला जाई आणि दुपारी जेवायला पहिल्या राज्यात परत येई. सीमाप्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्यांनी या पायवाटेवर एक प्रकरण लिहायला हवे होते.

आता आजचे. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ १९९८ साली बेळगावात आले, मच्छेजवळ त्याचा ‘ज्ञानसंगम’ परिसर मोठा आहे आणि त्याचे काम राज्यभर पसरले आहे. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चे. धारवाडने १९८२ साली सुरू केलेल्या पदव्युत्तर केंद्रातून ते वाढले. भूतरामहट्टीला, महामार्गाच्या कडेला, बेळगावपासून अठरा किलोमीटरवर. चन्नम्मेचे माहेर काकती वाटेतच लागते. हिरेबागेवाडीजवळ नव्या परिसराचे काम हाती घेतले गेले. विद्यापीठ दारात आले याचा कंग्राळीला आनंदच झाला. मात्र दारात येऊनही ते बसचेच राहिले. बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, म्हणजे सीबीटीवर, उभे राहा, गाडी धरा, तास संपला की परत गाडी धरा. मधल्या वेळेत पोरीने बसावे कुठे, डबा उघडावा कुठे, हा प्रश्न नकाशावर कुणी मांडलेला दिसत नाही.

बारा-पंधरा वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेने, नाव कशाला घ्या, प्रस्तुत लेखकाला इमारत समितीवर बोलावले होते. त्याने मागणी केली ती एवढीच: बसने येणाऱ्या मुलींसाठी एक खोली, चार बाके, प्यायचे पाणी, आणि डबा खायला ओटा. सभेने ऐकून घेतले. खर्चाचा अंदाज विचारला. पुढच्या सभेत कमानीचे चित्र मंजूर झाले, आणि त्यात खोली नव्हती. कमान अजून आहे. तिच्या सावलीत पोरी उभ्या राहून डबा खातात, तेवढा तिचा उपयोग झाला म्हणायचा.

जी सोय संस्था करत नाहीत ती आता कंग्राळी करते. शेतावर घरे आली, घरांवर मजले चढले, मजल्यांवर खोल्या. नर्सिंगची, इंजिनिअरिंगची, स्पर्धा परीक्षांची पोरे तिथे राहतात. घरमालकीण त्यांना मावशी. ती आजारपणात पेज देते आणि भाडे थकले तर आठवडाभर गप्प राहते. पण खोलीत अधीक्षक नाही, वाचनाची ठरलेली वेळ नाही, एकाच पंगतीला बसलेली वेगवेगळ्या घरांतली दहा पोरे नाहीत. दर महिन्याच्या भाड्यात यातले काहीच येत नाही. आणि या खोल्यांची नोंद कोणत्याच विद्यापीठाच्या अहवालात नाही. त्यामुळे पुढचा आढावाकार त्यांना दीड ओळसुद्धा देणार नाही.

जुन्या बोर्डिंगांची नोंद तरी कुठे नीट ठेवली आहे? कोठीच्या वह्या, हजेरीपट, पायलीचे हिशेब, दर वर्षाअखेरी काढलेले गटफोटो हे सगळे कुणाच्या तरी माळ्यावर धूळ खात आहे किंवा रद्दीच्या वजनात गेले आहे. बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी भागातल्या कुणाच्या घरी, वडिलांच्या किंवा आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत, असे काही निघाले तर या दिवाळीच्या साफसफाईत ते बाहेर टाकू नका. फोटोमागे नावे लिहा, उभे कोण, बसलेले कोण, आणि वही जवळच्या वाचनालयात नेऊन द्या.