यंत्राचा कित्ता

शिरगांवीं सात-बाराचा उतारा काढतांना आमचा नातू संगणकाच्या पडद्यावर गट क्रमांक घाली, कळ दाबी. आम्ही पाहत बसूं. हेंच काम आतां यंत्रास शिकवितात. पडद्याचें चित्र, माणसाची आज्ञा आणि त्यावर दाबलेली कळ, असे असंख्य कित्ते त्याजकडून गिरवून घेतात. काम तडीस गेलें तर गुण देतात. २०२४ सालच्या ‘ओएसवर्ल्ड’ नामक परीक्षेंत ३६९ कामें होतीं. माणसांस सुमारें ७२ टक्के साधलीं, सर्वोत्तम यंत्रास अवघीं १२. पुढें यंत्रें झपाट्यानें सुधारलीं. तथापि चुकीचा क्रमांक खोडतां येतो. भरलेलें शुल्क सहसा परत मिळत नाहीं. यास्तव शिष्य कितीही हुशार निघो, शेवटची कळ गृहस्थानें पडदा वाचून स्वतःच दाबावी.