अमेरिकन व्हिस्कीची पारख

चहाची खरेदी होण्यापूर्वीं त्याची चव पाहणारे जाणकार कलकत्त्याच्या चहाच्या पेढ्यांत असतात, हें पुष्कळांना ठाऊक आहे. ते चमचाभर चहा तोंडांत घोळवितात आणि थुंकून टाकतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कांहीं रसिक मंडळी एकत्र जमून निरनिराळ्या संस्थानांतील व्हिस्कीचे नमुने शेजारीं ठेवून पाहतात, तेव्हां त्यांची रीतहि साधारण हीच असते. ज्याला केवळ पिण्याची हौस, त्याला ही बैठक मोठी कंटाळवाणी वाटेल. येथें प्रश्न कैफाचा नसून ओळखीचा आहे: बाटलीवर ज्या संस्थानाचें नांव छापलेलें असतें, तें संस्थान पेल्यांत खरोखर उतरलेलें असतें काय?

बाटल्या कागदांत गुंडाळून त्यांवर केवळ आंकडे घातलेले असतात. नमुने पांच पुरेत. त्यापुढें जीभ बोथट होते. प्रत्येक पेल्यांत अदमासें १५ मिलिलिटर, आधीं सौम्य व मग जहाल, आणि मधून मधून साधें पाणी व बिनमिठाचा पाव. प्रथम वास घ्यावयाचा, मग घोट जिभेवर फिरवावयाचा, आणि शेवटीं दोन थेंब पाणी घालून पुन्हां तेंच करावयाचें. पाण्यानें मद्यार्काचा झणका कमी होऊन दबलेले वास वर येतात. मात्र सर्वांत महत्त्वाचा नियम असा कीं, प्रत्येकानें आपलें मत लिहून काढल्याशिवाय कोणीं बोलूं नये. एकानें ‘व्हॅनिला’ असा शब्द उच्चारला कीं, साऱ्या मंडळींना व्हॅनिला सांपडूं लागतो!

याहून कठीण परीक्षा तीन पेल्यांची. दोहोंत एकच व्हिस्की, तिसऱ्यांत दुसरी. वेगळा पेला ओळखावयाचा. डोळे मिटून बोट ठेवलें तरी तिघांत एक बरोबर येतोच. तेव्हां सहा जणांत दोघांनींच ओळखलें, तर मंडळीला कांहीं कळलें असें म्हणतां येत नाहीं. जिभेचा अभिमान बाळगणारे पुष्कळ जण येथेंच पडतात.

मग खरे फरक कोठून येतात? बर्बन म्हटली कीं केंटकी आठवते. कायद्याप्रमाणें बर्बनमध्यें निदान ५१ टक्के मका हवा, आणि ती आंतून जाळून काढलेल्या ओकच्या नव्या पिंपांत मुरलेली हवी. त्या जळक्या लांकडांतूनच तिचा तांबूस रंग, व्हॅनिलाचा वास व गुळाच्या पाकासारखा गोडवा येतो. परंतु १९६४ सालीं अमेरिकन काँग्रेसनें बर्बनला मान्यता दिली ती साऱ्या देशाचें वैशिष्ट्य म्हणून. ती कोणत्याहि संस्थानांत करतां येते. केंटकीचे अभिमानी चुनखडींतून गाळून आलेल्या, लोहरहित पाण्याचा दाखला देतात. तें पाणी धान्य आंबविण्यास उत्तम खरें, पण ऊर्ध्वपातनांत पाण्यांतील क्षार भांड्यांतच मागें राहतात, हें विसरून चालत नाहीं. चवीचा मोठा भेद मक्याखेरीजच्या उरलेल्या धान्यांत असतो. तेथें राय हें धान्य घातलें तर जायफळ-लवंगेसारखा तिखटपणा येतो. गहूं घातला तर मृदुपणा.

शेजारच्या टेनेसींत मद्यार्क पिंपांत भरण्यापूर्वीं साखरी मेपलच्या लोणारी कोळशांतून गाळतात. २०१३ च्या कायद्यानें तेथें ही पद्धत आवश्यक केली. एका भट्टीला तेवढी सूट मिळाली. ज्या जॅक डॅनियलच्या नांवानें ही व्हिस्की जगभर गेली, त्याला हा धंदा शिकविणारा निअरेस्ट ग्रीन हा गुलामगिरींत जन्मलेला कृष्णवर्णी माणूस होता. त्याच्या नांवाला योग्य तें स्थान मिळण्यास २०१६ साल उजाडावें लागलें. कोळशानें मद्यार्काचा खरखरीतपणा जातो. तथापि कागद गुंडाळलेला असतां टेनेसी आणि केंटकी यांची गल्लत करणारे थोडे नाहींत.

राय व्हिस्कीची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. पेनसिल्व्हेनिया व मेरीलँड हीं तिचीं जुनीं माहेरघरें. तिच्यावरील कराविरुद्ध पश्चिम पेनसिल्व्हेनियांतील शेतकऱ्यांनीं केलेलें बंड १७९४ सालीं मोडण्यांत आलें. पुढें १९२० ते १९३३ च्या दारूबंदीनें हा धंदा खिळखिळा केला. अलीकडे इंडियाना संस्थानांतील लॉरेन्सबर्ग येथील एका मोठ्या भट्टींत ९५ टक्के राय घातलेली व्हिस्की तयार होते, आणि निरनिराळे व्यापारी ती विकत घेऊन आपापल्या नांवाखालीं विकतात. त्यामुळें बैठकींतील एखादा नवखा दोन संस्थानांच्या दोन बाटल्यांना बिचकत बिचकत ‘सख्ख्या बहिणी’ म्हणतो, तेव्हां त्याचें खरेंहि असूं शकतें! जाणत्यांना चिठ्ठी दिसली असती, तर त्यांनीं कदाचित् हमखास भेद दाखविला असता.

तथापि कांहीं ठिकाणीं भूमि खरोखर बोलते. टेक्सासच्या उन्हाळ्यांत लांकडाचा गुण झपाट्यानें उतरतो व पिंपांतील माल अधिक उडून जातो. कोरड्या हवेंत मद्यार्काहून पाणी लवकर उडत असल्यामुळें उरलेली व्हिस्की जहाल बनते. दोन-तीन वर्षांतच तिला गडद रंग चढतो, पण लांकडाचा तुरटपणाहि मागोमाग येतो. उलट ‘अमेरिकन सिंगल मॉल्ट’ या जातीस, जिला सरकारी मान्यता २०२५ च्या जानेवारींत मिळाली, केवळ मोड आणलेले सातू लागतात आणि जुनीं पिंपेंहि चालतात. अशा जुन्या पिंपांत लांकूड गप्प बसतें व धान्य ऐकूं येतें. मिसुरी संस्थानानें तर २०१९ च्या कायद्यानें आपलें नांव लावणाऱ्या बर्बनचें पिंपसुद्धां मिसुरींतच घडलेलें असावें असा दंडक घातला.

शेवटीं कागद सोडवितात आणि थोडा हशा होतो. मद्यार्क ज्या संस्थानांत तयार झाला तें बाटली विकणाराच्या पत्त्याहून वेगळें असल्यास त्याचें नांव चिठ्ठीवर द्यावें, असा अमेरिकन सरकारचा नियम आहे. म्हणून अनुभवी मंडळी दर्शनी चित्राकडे न पाहतां बाटली फिरवितात आणि चष्मा सांवरून मागील बारीक अक्षरें वाचूं लागतात.