शमीवरचे शस्त्र आणि वाड्यातील बंदूक

विजयादशमीस सीमोल्लंघनाला निघण्यापूर्वी शस्त्रपूजन करावयाचे, हा शिरस्ता आमच्या क्षेत्री आजही पाळला जातो. शस्त्रे आता उरली आहेत किती? कोणाकडे गंजलेली तलवार, कोणाकडे दांडपट्ट्याचे नुसते पाते. सुतार करवत मांडतो, आम्ही चिपळ्या आणि पोथी मांडतो. नदीकाठच्या एका जुन्या वाड्यात मात्र पाटावर ठासणीची बंदूक ठेवतात. तिची पूजा सांगण्याचे काम वडिलांकडून आमच्याकडे आले, त्यास तीस वर्षे होऊन गेली.

यंदा श्रावणात वाड्यातून माईंचे बोलावणे आले. पुण्यास नोकरीत असलेला त्यांचा पुतण्या आला होता आणि बंदूक 'मूळ स्वरूपात' आणावी, असा त्याचा आग्रह होता. घराण्यात तिला 'सत्तावन्नची रायफल' म्हणतात. परदेशात या जातीच्या हुबेहूब प्रतिकृती होतात. तशी पेचदार नळी व पूर्ण लांबीचा दस्ता मिळवून ती पुन्हा उभी करावी, असा त्याचा बेत. "बुवा, कीर्तनात जीर्णोद्धाराचे पुण्य तुम्हीच सांगता ना?" असे म्हणून त्याने आम्हांस पेचात धरले. माई एवढेच म्हणाल्या, "मामंजींच्या हातची आहे ती. मला त्यातले काय कळते? तुम्ही सांगाल तसे."

सांगण्याआधीच निराळा प्रसंग ओढवला. नळीची लांबी पाहावी म्हणून पुतण्याने गज आत सोडला, तोंडाशी अंगठ्याने खूण धरली आणि तोच गज बाहेरून नळीवर लावला. तळ यायला चार बोटे असतानाच गज अडला होता. बंदूक ठासलेली होती! काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान् पिढ्या जिवंत राहते. जिच्यापुढे इतकी वर्षे वाड्यातील पोरे मांडी घालून प्रसादाची वाट पाहत बसली, तिच्या पोटात हे! घोड्याखाली टोपी नव्हती म्हणून निभावले. परवानाधारक कारागिराला बोलावून ती रिकामी करविली. चिंध्यांचा बोळा, छर्रे आणि चमचाभर दारू निघाली. ज्या वाचकांच्या घरी अशी वडिलार्जित ठासणी असेल, त्यांनी स्वतः खुपसाखुपसी न करता हेच करावे.

त्याच कारागिराने आम्हांस बंदूक वाचावयास शिकविली. घोड्याजवळच्या पोलादी पत्र्यावर मुकुट, 'टॉवर' ही अक्षरे आणि १८५६ हा आकडा. ही इंग्रजांची १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड. तिची मूळ नळी ३९ इंच लांब, तोंड ०.५७७ इंचाचे, आत तीन फिरत्या खाचा. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत दूरवर सरळ जाई. चरबी लावलेल्या काडतुसांचे जे प्रकरण १८५७ मध्ये पेटले, ते हिच्याच काडतुसांचे. परंतु वाड्यातील नळीत खाच एकही नाही. तोंड रुंदावून सुमारे ०.६५ इंचाचे केलेले, आणि दूरच्या नेमाची उघडमीट करणारी पट्टी काढून तेथे साधा ठोकळा बसविलेला.

हे कोणा गावठी लोहाराचे काम नव्हे. बंडानंतर हिंदी शिपायांच्या हाती नेमकी दूरवर मारणारी रायफल द्यावयाची नाही, असे सरकारने ठरविले. हिंदी पलटणींसाठी याच बंदुकांच्या नळ्या आतून कोरून गुळगुळीत केल्या आणि पुढे तशाच नव्याही घडविल्या. बाहेरून गोऱ्या सोल्जराच्या बंदुकीसारखीच दिसणारी ही बंदूक शंभर यार्डांपुढे भरवशाची नसे. ज्या राजाला आपल्याच शिपायाची भीती वाटते, त्याने ती भीती पोलादात कोरून ठेवली, ती ही अशी.

म्हणजे घराण्याची कथा तेवढी खरी नव्हती. 'सत्तावन्नात गोऱ्याच्या हातून हिसकावलेली' ही ती बंदूक नव्हे. सत्तावन्नानंतर आंधळी केलेली आहे. पेचदार नळी बसविली की दंतकथा पुरती सजेल, आणि एकमेव साक्षीदार मात्र कायमचा मुका होईल. हे ऐकून पुतण्याचा चेहरा उतरला. आम्हांसही वाईट वाटले, कारण ती कथा पूजेच्या वेळी आम्हीच रंगवून सांगत आलो होतो.

दुसरा फेरफार माईंच्या सासऱ्यांचा. रानात वावरण्यास अडचण होते म्हणून त्यांनी नळी वीतभर कापली. ती आता ३० इंच आहे. तीन कड्यांपैकी पुढची गेली. दस्ता चिरला तेथे तांबटाकडून पितळी पत्रा ठोकून घेतला, त्यावर त्यांच्या गालाची झिलई अजून दिसते. तिसरा फेरफार निकेलच्या मुलाम्याचा, बँडची वाद्ये चमकविणाऱ्याकडून करविलेला. त्याविषयी न बोललेले बरे. आणि चौथा? पत्र्यावर बोटाएवढे दोन खोल तांबेरे आहेत. दरवर्षी ओले गंध आणि कुंकू आम्ही जेथे लावतो, नेमके तेथेच.

राहता राहिला जीर्णोद्धार. अग्निपुराणात त्याचा विधी आहे. भग्न मूर्ती विसर्जित करून नवी स्थापावी, कारण तेथे उपासना अखंड चालावयाची असते. या बंदुकीकडून कोणास बार काढावयाचा आहे? आम्हांस जवळचे वाटले ते पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सित महाभारताचे उदाहरण. १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललेल्या त्या कार्यात पंडितांनी मागाहून आलेले श्लोक मूळ संहितेतून वेगळे केले खरे. पण फेकले एकही नाहीत. ते सारे तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. शिवाय तेथे जुन्या पोथ्या खरवडून कोणी 'मूळ' लिहिले नाही. पोथी पोथीच्या जागी राहिली. आणि विराटपर्वात शमीवरून शस्त्रे उतरवताना अर्जुन उत्तराला गांडीवाची महती कशी सांगतो? ब्रह्म्याने धारण केले, मग प्रजापतीने, इंद्राने, सोमाने, वरुणाने, असे ते हातच मोजून दाखवतो.

पुतण्या समंजस निघाला. कायद्याची बाजू कारागिराने त्याला सांगितलीच होती. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे नळीची कापाकापी किंवा बदल वाटेल त्याने करावयाचा नसतो, आणि परवान्यावर नोंद आहे ती ठासणीच्या बंदुकीची. नवी नळी घालून उरणार काय, तर जुना पत्रा आणि नवी वस्तू. तेव्हा ठरले ते असे : नळी, दस्ता, पितळी पत्रा यांस हात लावावयाचा नाही. निकेल काढले तरी त्याखाली घासून गेलेला पृष्ठभाग परत यावयाचा नाही, म्हणून तेही तूर्त राहू द्यावे. गंज तेवढा हलक्या हाताने, तेलाने थांबवावा.

माईंनी एक वही मागविली. तीत पुतण्याने चारही फेरफार लिहिले. चौथ्यापुढे आमचे नाव घातले, आणि ते खोडण्यास आम्ही सांगितले नाही. या दसऱ्यास बंदूक कोरड्या वस्त्रावर असेल. गंधाक्षता पाटाला वाहू. झेंडूची माळ खुंटीला.