तलाव, भूखंड आणि सांडपाणी : राजाजीनगरचे बदलते भूदृश्य

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, एका जलविभाजकावर वसले आहे. त्याच्या जवळून एकही मोठी नदी वाहत नाही. पूर्व उतारावरील पाणी दक्षिण पिनाकिनीकडे, तर पश्चिम उतारावरील पाणी वृषभावतीवाटे अर्कावतीत आणि पुढे कावेरीत जाते. राजाजीनगर या पश्चिम उतारावर आहे.

अशा प्रदेशात पाऊस अडवण्यासाठी तलावांच्या साखळ्या बांधल्या गेल्या. वरच्या तलावाच्या सांडव्यातून निघालेले पाणी खालच्या तलावात साठे. त्यामुळे ज्यांना आज सरसकट ‘नैसर्गिक’ म्हटले जाते ते तलाव बहुतांशी मानवनिर्मित आहेत. विद्यार्थ्यांनी हा भेद ध्यानात घ्यावा. शेती, गुरे आणि विहिरी यांचा आधार तलाव असल्याने गाळ काढणे व बांध राखणे हे गावाच्या हिताचे होते.

ही स्थिती नळाने पालटली. १८९० च्या दशकात हेसरघट्ट्याचे, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे आणि १९७४ मध्ये कावेरीचे पाणी शहरात आले. पाणी दुरून मिळू लागताच जवळचा तलाव हिवतापाचे स्थान किंवा मोकळी जमीन वाटू लागला. धर्मांबुधी तलावाच्या जागी शहराचे मुख्य बसस्थानक उभे राहिले. १९४९ मध्ये औद्योगिक उपनगर म्हणून वसवलेल्या आणि तत्कालीन गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांचे नाव लाभलेल्या राजाजीनगरच्या विस्तारात केतमारनहळ्ळीचा तलावही लोपला.

या निवडीमागे अर्थशास्त्र आहे. भूखंडाला बाजारभाव असतो. पूर सामावणे, भूजल भरणे या सेवांना तो नसतो. मात्र खर्च टळत नाही, तो दुसऱ्यावर पडतो. यालाच ‘बाह्य परिणाम’ म्हणतात. पश्चिम बंगळूरचे घरगुती व औद्योगिक सांडपाणी वृषभावतीतून बैरमंगल जलाशयात पोहोचते. तेथील शेतकऱ्यांना बारमाही पाणी मिळते, पण ते दूषित असते. शहराने टाळलेला शुद्धीकरणाचा खर्च त्यांच्या जमिनीला व आरोग्याला सोसावा लागतो.

१९८५ च्या सुमारास लक्ष्मण राव समितीने उरलेले तलाव जपण्याची शिफारस केली. तरीही २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातील हजारो कूपनलिका आटल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. त्याची क्षमता दररोज ७७.५ कोटी लिटर आहे. पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होते, असे नियोजनात धरले जाते. त्यातील काही भाग वृषभावतीच्या खोऱ्यातच उतरणार आहे.