चित्रातलं ऊन कुठल्या दिशेचं?

नवीन फ्लॅट घेणाऱ्याला किंवा जुनं घर नव्याने करून घेणाऱ्याला आजकाल घराआधी घराचं चित्र बघायला मिळतं. नवा सोफा, खिडकीतून आलेलं कोवळं ऊन, टेबलावर वाफाळता कप. अगदी फोटोच वाटतो. कॉम्प्युटरवर अशी चित्रं बनवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. आम्ही त्याला रेंडर म्हणतो. इंदुरातले बरेच कॉन्ट्रॅक्टर हल्ली ॲडव्हान्स मागण्याआधी एक तरी रेंडर हातात ठेवतात आणि घरातली मंडळी ते बघून लाखांचे निर्णय घेतात. 'तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना, बघ जरा' असं म्हणून ज्यांच्यापुढे फोन सरकवला जातो, त्या आपल्या तरुण वाचकांसाठी हा लेख.

काम सुरू होतं टेपने. खोलीची लांबी-रुंदी तर हवीच, पण खिडकी जमिनीपासून किती उंच आहे, भिंत किती जाड आहे, बीम कुठे खाली उतरलंय हेही लागतं. त्यावरून खोलीचं मॉडेल उभं राहतं. मग प्रत्येक वस्तूला तिचा स्वभाव द्यायचा. पॉलिश केलेली कोटा फरशी किती चमकते, सनमायका किती, सुती पडद्यातून उजेड किती झिरपतो. शेवटी प्रकाश. ब्लेंडर या मोफत प्रोग्रॅममध्ये सायकल्स नावाचं इंजिन आहे. ते कॅमेऱ्यापासून उलटं निघून प्रकाशाच्या वाटा शोधतं: या ठिपक्यावरचा उजेड कुठल्या भिंतीवरून आला, तिथे तो कुठून आला, असं करत दिव्यापर्यंत किंवा सूर्यापर्यंत. यामागचं गणित जेम्स कजिया यांनी १९८६ मध्ये मांडलं. आयकियाच्या २००६ च्या कॅटलॉगमध्ये लाकडी खुर्चीचं एक चित्र अशा पद्धतीने बनवलेलं होतं. २०१४ च्या सुमारास त्यांच्या वस्तूंच्या चित्रांपैकी तीन-चतुर्थांश कॉम्प्युटरवर बनत होती.

चित्र खरं वाटतं ते बारीकसारीक खोडींमुळे. टेबलाची कड कधीच सुरीसारखी धारदार नसते. ती मिलिमीटरभर गोल केली की तिच्यावर उजेडाची रेघ उमटते. पांढरी भिंत शंभर टक्के पांढरी ठेवली तर खोली दवाखान्यासारखी दिसते, म्हणून ती सारा उजेड परत न फेकता साधारण ऐंशी टक्केच फेकेल असं ठरवायचं. केशरी भिंतीजवळच्या पांढऱ्या चादरीवर केशरी झाक यायलाच हवी. आणि एखादी उशी जरा वाकडी. (या उशीवर मी जितका वेळ घालवते तितका स्वतःच्या पलंगावर घालवत नाही, असं आईचं म्हणणं आहे.)

खरं वाटणारं चित्र खरं असतंच असं मात्र नाही. आमचा कॅमेरा भिंतीच्या पलीकडे उभा राहू शकतो. भिंत अदृश्य करायची, चार फूट मागे जायचं, रुंद लेन्स लावायची, की दहा बाय अकराची बेडरूम हॉलएवढी दिसते. काही जण त्यात फर्निचरही आक्रसून ठेवतात. म्हणून चित्रातल्या पलंगाची लांबी विचारा. साडेपाच फूट निघाली, तर ज्याला त्यावर झोपायचंय त्याने विचार करावा.

सगळ्यात सहज खपतं ते ऊन. माझ्या मावशीचं सासर रामबागेजवळ आहे. जुनं घर, हॉलला लागून पश्चिमेकडे ओसरी. मागच्या वर्षी दोन्ही काकांनी ठरवलं की ओसरीचं छप्पर काढायचं, हॉल पुढे वाढवायचा आणि पश्चिमेला पूर्ण काच लावायची. कॉन्ट्रॅक्टरने आणलेलं रेंडर सुरेख होतं. काचेतून सोनेरी ऊन आत येतंय, टीपॉयवर पेपर आणि चहा. सगळ्यांनी होकार दिला. आजींनी, म्हणजे मावशीच्या सासूबाईंनी, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि मला विचारलं, "अगं, ही सकाळ आहे ना? मग ऊन ओसरीकडून कसं येतंय? तिकडे तर मावळतो."

फाइल मागवून घेतली. त्यात उत्तर दिशा लावलेलीच नव्हती. चित्र छान दिसेल तिथे सूर्य टांगला होता. मी घर पुन्हा मोजलं, पूर्वेला शेजाऱ्यांची तीन मजली इमारतही मॉडेलमध्ये उभी केली, इंदूरचे अक्षांश-रेखांश घातले आणि तारीख टाकली २० मे, दुपारचे चार. सूर्य तेव्हा आपल्याकडे क्षितिजापासून सुमारे चाळीस अंशांवर, जवळजवळ बरोबर पश्चिमेला असतो. सात फूट उंच काचेतून ऊन आठेक फूट आत आलं आणि थेट आजींच्या दिवाणावर पसरलं. त्या रोज दुपारी तिथेच पडतात.

धाकटे काका म्हणाले, "एसी लावू की, आई." त्यांचंही चूक नव्हतं. गणपतीत सगळे जमले की त्या हॉलमध्ये पानं मांडायला जागा पुरत नाही. म्हणून २१ डिसेंबरचंही चित्र काढलं. तेव्हा चार वाजताचं ऊन नैर्ऋत्येकडून तिरपं येऊन हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचत होतं आणि थंडीत ते सगळ्यांनाच हवं होतं. रेंडरमध्ये उकाडा दिसत नाही, फक्त ऊन कुठे पडतं ते दिसतं. त्याचा अर्थ घरच्यांनीच लावायचा. आठवडाभर वाद चालला. अखेर छप्पर राहिलं, काच रद्द झाली, मधली भिंत फोडून रुंद दार केलं आणि बाहेर उघडमिट करता येणारी लाकडी जाळी बसवली. काकांना जागा अजून कमीच वाटते.

तुमच्या गावचा सूर्यही वेगळा आहे, हे लक्षात ठेवा. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला, त्यामुळे तिथे मध्यान्हीचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच असतो. इंदूर आणि बडोदा वृत्ताच्या किंचित खाली. जूनमध्ये काही आठवडे तो भर दुपारी उत्तरेकडे झुकतो. बेळगावात तर मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तसं असतं. दुसऱ्या शहराच्या सूर्याने काढलेलं चित्र तुमच्या खिडकीला लागू पडेलच असं नाही.

शिकायचं असेल तर स्वतःच्या खोलीपासून सुरुवात करा. टेप घ्या, चार भिंती आणि एक खिडकी मांडा. फर्निचर नंतर. ब्लेंडरमध्ये सूर्याची जागा काढून देणारं मोफत ॲड-ऑन मिळतं. त्यात गाव, तारीख आणि वेळ भरा. त्याच वेळी खोलीत उभं राहून फोनवर एक फोटो काढा. फरशीच्या ज्या लादीवर फोटोत ऊन आहे त्याच लादीवर रेंडरमध्येही आलं, तर उत्तर दिशा बरोबर लागली. मग सोफा आणा.