सामाईक सुकाणू, विभक्त चुली

नॉर्वेत जन्मलेल्या ओले एविन्रूड याने अमेरिकेतील मिल्वॉकी येथे १९०९ साली होडीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगावयाचे एंजिन विक्रीस काढले, तेव्हा त्या दीड अश्वशक्तीच्या यंत्राला पुढे जोडीदार लाभेल हे भाकीत कोणी केले असते, तर ते हसण्यावारीच गेले असते. आज गेटवेच्या धक्क्यावर उभे राहून पाहिले, तर कित्येक स्पीडबोटींच्या पिछाडीस अशी दोन-दोन एंजिने शेजारी शेजारी लटकलेली दिसतात, आणि एकाच्या जागी दोन म्हणजे वेगही दुप्पट, असा सरळ त्रैराशिकाचा हिशेब उतारू मनाशी मांडून मोकळा होतो. हा हिशेब साफ चुकीचा आहे. जॉर्ज क्राउच या अमेरिकन नौकारचनाकाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्राप्रमाणे पाण्यावर घसरत धावणाऱ्या नौकेचा वेग शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे शक्ती दुप्पट केली तरी वेगात भर पडते ती फार तर ४१ टक्क्यांची, आणि तीतूनही दुसऱ्या एंजिनाचे वजन व पाण्यात ओढला जाणारा त्याचा पाय यांची वजावट व्हावयाची असते.

मग हा दुप्पट खर्च कशासाठी? भर समुद्रात एकाने दगा दिला तर दुसऱ्याने घरी आणावे, एवढ्यासाठी. परंतु ही हमी एंजिने विकत घेतल्याने मिळत नाही. ती बसविणाऱ्याच्या हातात असते.

अलिबागेकडच्या एका खाडीकाठी अशी जोडी बसविताना मी सबंध दिवस पाहिली आहे. मिस्त्रीने मागच्या फळीत, ज्याला हे लोक ट्रान्सम म्हणतात त्यात, पहिले भोक पाडले आणि गिरमिटाबरोबर बाहेर आलेला भुसा तळहातावर घेऊन बोटाने चोळला. तो कोरडा आणि पिवळसर निघाला, तेव्हा कुठे काम पुढे सरकले. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवुड असते. तो भुसा काळपट व ओलसर निघाला असता तर आतले लाकूड कुजले असे समजून दोन एंजिनांचा भार त्यावर टाकण्याचा बेत तेथेच रहित करावा लागला असता. प्रत्येक एंजिनास चार बोल्ट, आणि प्रत्येक भोकाच्या आतल्या कडेला इपॉक्सीचा लेप. "साहेब, पाणी बोल्टाच्या बाजूनंच चोरासारखं शिरतं," मिस्त्री म्हणाला.

उंचीचा प्रश्न याहून नाजूक. नौकेचा तळ मध्यभागी खोल व दोन्ही बाजूंस चढत जाणारा असल्यामुळे, मध्यरेषेपासून दूर सरकलेल्या एंजिनाची उंची कण्यावरून मोजून चालत नाही. त्याच्या समोरच्या तळावरूनच ती मोजावी लागते. पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या पातळीत किंवा किंचित वर असावी. एंजिन फार वर चढले तर वळणावर पंखा हवा ओढू लागतो, आणि थंडाव्याचे पाणीही तुटते.

पंखेही एकाच दिशेने फिरणारे चालत नाहीत. सामान्य शिरस्ता असा की मागून पाहता उजवा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरावा आणि डावा उलट, म्हणजे परस्परांची ओढ फिटते व सुकाणू एका बाजूस खेचत नाही. सुकाणूपुरती मात्र दोघांची बिनशर्त एकी हवी. म्हणून त्यांना एका दांड्याने जखडतात, ज्याची लांबी कमीजास्त करून दोन्ही एंजिने समांतर करून घेता येतात.

येथे एकत्र कुटुंब संपते. उरलेल्या सर्व बाबतींत वाटणीपत्र इतके चोख हवे की एकाच्या चुलीचा धूर दुसऱ्याच्या घरात जाता कामा नये: इंधनाची टाकी स्वतंत्र, पाणी निराळे करणारी गाळणी स्वतंत्र, बॅटरी स्वतंत्र. पुष्कळ मालक नेमके येथेच पैसे वाचवितात, एकाच टाकीतून दोन नळ्या काढतात, आणि मग पेट्रोलात पाणी शिरले की दोन्ही एंजिने एकाच मिनिटाला माना टाकतात. दोन एंजिनांची किंमत मोजून एकाचीच सुरक्षितता विकत घेण्याचा हा व्यवहार मला तरी अनाकलनीय वाटतो.

दुपारी भरती आल्यावर नौका पाण्यात गेली. दोन्ही एंजिनांचे फेरे जुळेपर्यंत त्यांच्या आवाजातून एक घूं-घूं अशी लाट चढत-उतरत होती, अगदी न जुळलेल्या तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांसारखी. मिस्त्री काट्याकडे न पाहता कानाने एक तरफ केसभर पुढे सारीत गेला आणि ती लाट विरली. मग खाडीच्या तोंडाशी त्याने डावे एंजिन बंद करून वर उचलले. नौकेचे नाक उंचावले, वेग गेला, आणि मालकाने उजव्याची तरफ पुढे रेटण्यासाठी हात उचलताच मिस्त्रीने त्याचे मनगट धरले. पंखे दोघांच्या बळाचा हिशेब करून निवडलेले असतात. एकट्या एंजिनावर पूर्ण तरफ दिली की ते अपेक्षित फेऱ्यांपर्यंत न पोहोचता ओझ्याखाली दबते. "आता घाई नाही करायची," तो म्हणाला, आणि आम्ही मचव्याच्या गतीने, मागे पडलेल्या दोन कोळ्यांच्या होड्यांनाही वाट देत, धक्क्याकडे वळलो.