टॅबच्या पट्टीची जागा : रूढ समज आणि वस्तुस्थिती

ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानांची नावे दाखवणारी टॅबची पट्टी पत्त्याच्या पट्टीच्या वर असावी, तिच्या खाली असावी, की पडद्याच्या एका बाजूस उभी करावी, हा वाद प्रथमदर्शनी क्षुल्लक भासतो. परंतु ज्यांचा सारा दिवस संगणकापुढे जातो त्यांचा हात या पट्टीकडे इतक्या वेळा वळतो, की तिच्या जागेत कोणी फेरफार केला की तक्रारी उभ्या राहिल्यावाचून राहत नाहीत. या वादात दोन्ही पक्ष जी विधाने सिद्धांत म्हणून मांडतात, त्यांपैकी बहुतेक विशिष्ट परिस्थितीतच खरी असतात. परिस्थिती गळून पडली आणि विधान तेवढे उरले, की त्याचाच गैरसमज होतो. अशा सहा समजांची ही छाननी.

गैरसमज १ : टॅब प्रथमपासून खालीच होते, ते वर नेण्याची टूम क्रोमने काढली.

वस्तुस्थिती : टॅबची कल्पना ब्राउझरांत १९९४ सालच्या इंटरनेटवर्क्सपासून आढळते, आणि पत्त्याच्या पट्टीच्या वर टॅब ठेवण्याचा प्रघात नॉर्वेच्या ऑपेरा ब्राउझरात क्रोमच्या आधीपासून होता. २ सप्टेंबर २००८ रोजी अवतरलेल्या क्रोमने टॅब थेट विंडोच्या शीर्षकपट्टीत नेऊन बसवले, एवढेच त्याचे नावीन्य. अ‍ॅपलने सफारी ४ च्या फेब्रुवारी २००९ मधील चाचणी आवृत्तीत तोच मार्ग धरला. पण जूनमध्ये अंतिम आवृत्ती निघाली, तेव्हा टॅब मुकाट्याने पूर्वीच्या जागी परतले होते. मार्च २०११ मध्ये फायरफॉक्स ४ ने टॅब वर नेले, मात्र खाली ठेवण्याची मुभाही दिली. त्याच महिन्यात आलेल्या इंटरनेट एक्स्प्लोरर ९ ने टॅब आणि पत्ता एकाच ओळीत शेजारी-शेजारी बसवले. तीन वर्षांच्या आत नामांकित कारागिरांनी एकाच प्रश्नाची इतकी निरनिराळी उत्तरे द्यावीत, यावरून उत्तर आधीच ठरलेले नव्हते हे उघड आहे.

गैरसमज २ : वरची जागा श्रेष्ठ असल्याचे फिट्सच्या नियमाने सिद्ध झाले आहे.

वस्तुस्थिती : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात माणसे हातातील शलाका धातूच्या दोन पट्ट्यांवर आळीपाळीने टेकवीत, आणि त्यावरून असे दिसून आले की लक्ष्य जितके दूर आणि जितके अरुंद, तितका तेथे पोहोचण्यास विलंब होतो, मात्र अंतर दुप्पट करून रुंदीही दुप्पट केली, तर वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. या नियमाने पाहता, मजकुरातून वर निघालेल्या कर्सरला पत्त्याच्या पट्टीखालचा टॅब जवळ पडतो, आणि येथवर खालच्या पक्षाचीच बाजू बळकट ठरते. परंतु टॅब पडद्याच्या वरच्या कडेला भिडलेला असेल, तर कर्सर कितीही जोराने ढकलला तरी कडेपाशीच थांबतो. म्हणजे लक्ष्याची उंची व्यवहारतः अमर्याद होते आणि वाढलेल्या अंतराची भरपाई होऊन जाते. हा लाभ विंडोजमध्ये विंडो पूर्ण मोठी केलेली असतानाच पदरात पडतो. मॅकवर पडद्याच्या माथ्याची जागा मेन्यूच्या पट्टीने पूर्वीपासून अडवलेली असल्यामुळे सर्वसाधारण स्थितीत तो मिळतच नाही. तात्पर्य, नियम खरा असला तरी तो दोन्ही पक्षांना आलटून पालटून साक्ष देतो.

गैरसमज ३ : टॅब वर नेणे ही केवळ शोभेची बाब आहे.

वस्तुस्थिती : वरच्या पक्षाचा खरा युक्तिवाद अंतराचा नसून अनुक्रमाचा आहे. प्रत्येक टॅबचा पत्ता निराळा, मागे-पुढे जाण्याचा इतिहास निराळा. तेव्हा दफ्तरातील फाइलच्या कडेला बाहेर आलेली नावाची चिठ्ठी जशी आतल्या साऱ्या कागदांवर अंमल गाजवते, तसा टॅबने आपल्या पत्त्यावर गाजवावा, हे तर्काला धरून आहे. परंतु या तर्काचे पालन त्याच्या पुरस्कर्त्यांनीही पूर्णपणे केलेले नाही. कारण जतन केलेल्या खुणांची पट्टी सर्व टॅबांना समाईक असूनही क्रोममध्ये आणि फायरफॉक्समध्ये ती टॅबच्या खालीच मांडलेली असते. शिवाय टॅबवरचे नाव व चिन्ह पानाचा मालक स्वतः ठरवतो, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. आपली पाठ वळताच आपले नाव आणि चिन्ह बदलून परिचित टपालसेवेचे सोंग घेणारे पान कसे फसवू शकते, हे त्या वेळी मोझिलात असलेल्या अझा रॅस्किन यांनी २०१० मध्ये प्रत्यक्ष करून दाखवले होते. म्हणून टॅब कोठेही असो, परवलीचा शब्द लिहिण्यापूर्वी विश्वास ठेवायचा तो पत्त्याच्या पट्टीवर.

गैरसमज ४ : उभी पट्टी पडद्यावरील जागा वाया घालवते.

वस्तुस्थिती : आजचे बहुतेक पडदे आडवे रुंद असतात; १३६६ बाय ७६८ अथवा १९२० बाय १०८० ही त्यांची नेहमीची मापे. वाचनीय मजकुराची ओळ फार लांब ठेवता येत नसल्याने पानाच्या दोन्ही अंगांस मोकळी जागा राहते, आणि टंचाई असते ती उंचीची. १९२० पिक्सेलांच्या रुंदीत चाळीस टॅब आडवे मांडले, तर प्रत्येकाच्या वाट्यास ४८ पिक्सेल येतात, ज्यांत चिन्ह मावते आणि नावाची जेमतेम एक-दोन अक्षरे. तेच टॅब उभे मांडले आणि एकेका ओळीस ३६ पिक्सेल दिले, तर ९०० पिक्सेलांच्या उंचीत पंचवीस नावे वाचता येतील अशा स्थितीत एकाखाली एक राहतात. उरलेल्यांसाठी पट्टी सरकवावी लागते. मायक्रोसॉफ्ट एजने मार्च २०२१ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०२५ मध्ये ही तजवीज अधिकृतपणे केली, ती याच हिशेबाने. अर्थात, ज्याचे चार-पाचच टॅब उघडे असतात, त्याच्या बाबतीत हा आक्षेप खराच आहे.

गैरसमज ५ : सोय-गैरसोय सर्वस्वी जागेवरून ठरते.

वस्तुस्थिती : पट्टी कशी वागते, यालाही तितकेच महत्त्व आहे. क्रोममध्ये पुष्कळ टॅब उघडून त्यांतला एक माऊसने बंद करावा. उरलेले टॅब लागलीच रुंद होऊन मोकळी जागा व्यापत नाहीत, तर आहेत त्याच रुंदीने डावीकडे सरकतात, आणि पुढच्या टॅबची फुली नेमकी कर्सरखाली येऊन थांबते. हात तसूभरही न हलवता एकामागून एक टॅब बंद करता येतात. कर्सर पट्टीबाहेर गेला, की मगच टॅब पसरून आपापली जागा घेतात. उलटपक्षी जो मनुष्य कंट्रोल आणि टॅब ही बटणे एकत्र दाबून किंवा कंट्रोलबरोबर एक ते आठ आकडे दाबून पाने बदलतो, त्याला पट्टी वर आहे की खाली याचे सोयरसुतक नसते.

गैरसमज ६ : विरोध हा केवळ सवयीचा, चार दिवसांत लोक विसरतात.

वस्तुस्थिती : सवय हीच येथे मोठी मिळकत असते. फिट्सचा नियम हात पोहोचण्याचा काळ मोजतो, वस्तू शोधण्याचा नव्हे. वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने जागा हाताला पाठ झालेली असली, की शोधण्याचा काळ नाहीसा होतो, आणि जागा बदलताच तो पुन्हा सोसावा लागतो. फायरफॉक्सच्या एप्रिल २०१४ मधील २९ व्या आवृत्तीत टॅब खाली ठेवण्याची मुभा रद्द झाली, तेव्हा अनेकांनी पूरक प्रणालींच्या आधाराने जुनी मांडणी टिकवली. जून २०२१ मध्ये मॅकच्या सफारीसाठी टॅब आणि पत्ता एकत्र गुंफणारी रचना मांडली गेली. चाचणीच्या काळातच इतका विरोध झाला, की अंतिम आवृत्तीत ती ऐच्छिक ठरली. त्याच वर्षी आयफोनवर मात्र पत्त्याची पट्टी अंगठ्याच्या टप्प्यात, म्हणजे पडद्याच्या तळाशी आणली गेली, आणि ज्यांना ती माथ्यावर हवी त्यांच्यासाठी पर्यायही ठेवला गेला.

या सर्व छाननीचा निष्कर्ष असा, की टॅबच्या पट्टीला स्वतःची अशी उत्तम जागा नाही. पडद्याची कोणती कड मोकळी आहे, टॅब किती आहेत, आणि निर्देश माऊसने, बटणांनी की अंगठ्याने करायचा आहे, यांवर ती ठरते. प्रत्येक पर्याय जतन करण्यास आणि तपासण्यास श्रम पडतात, ही निर्मात्यांची अडचण खोटी नाही. तथापि ज्या तीन गोष्टींवर निर्णय अवलंबून आहे त्या तिन्ही वापरणाऱ्याच्या घरच्या असताना, निर्णयाचा अधिकार मात्र निर्मात्याने स्वतःकडे राखून ठेवणे न्यायाचे ठरत नाही.